ओमानच्या वाळवंटात सासूबाईंसह दोन रात्री: काय चालतं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचं एक कुटुंब फेब्रुवारी 2027 च्या मध्यावर आठ दिवस ओमानला जायचं म्हणतं आहे. नवरा-बायको, बारा आणि सात वर्षांची मुलं, आणि 72 वर्षांच्या सासूबाई. त्यातल्या दोन रात्री वहीबाच्या वाळवंटात. तिकिटं अजून काढलेली नाहीत. लिहिणाऱ्या ताईंना मला विचारायचं आहे की कपडे कसे न्यावेत, सासूबाईंची साडी, कुंकू, मंगळसूत्र चालेल का, घरात सगळे शाकाहारी आहेत त्याचं काय, आणि "तिथल्या लोकांना वाईट वाटेल असं आमच्या हातून काही होऊ नये."

मी मस्कतमध्ये अकरा वर्षं संसार केला. परत आल्यापासून दर हिवाळ्यात आठ-दहा जणांना घेऊन ओमानला जाते. तेव्हा जे सांगते आहे ते बरंचसं स्वतः चुकून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही, ती तारखांची. 2027 मध्ये रमजान 8 फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल. चंद्र दिसण्यावर एखादा दिवस इकडेतिकडे. म्हणजे तुमचे आठही दिवस रमजानात जाणार. इस्लामी वर्ष चांद्र आणि त्यात आपल्यासारखा अधिक मास नाही, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मी मस्कतला गेले तेव्हा तो भर उन्हाळ्यात यायचा आणि पर्यटकांशी त्याची गाठ पडायची नाही. आता ऐन हंगामात येतो आहे, आणि स्वस्त तिकिटं बघून लोक नेमक्या त्याच तारखा काढतात.

रमजानात जाऊच नका असं मी म्हणणार नाही. पण काय बदलतं ते नीट समजून घ्या. पहाटे साधारण साडेपाचपासून संध्याकाळी सहा-सव्वासहापर्यंत चारचौघांत खाणं, पाणी पिणं, सिगारेट ओढणं बंद. हा नुसता रिवाज नाही, कायदा आहे, आणि तो बिगरमुस्लिमांनाही लागू आहे. गाडीच्या काचेआडही नको. पहिल्या वर्षी मस्कतमधल्या रुवीच्या सिग्नलला उभी असताना मी सवयीने बाटली तोंडाला लावली. शेजारच्या गाडीतल्या माणसाने मला काही म्हटलं नाही, फक्त मान दुसरीकडे वळवली. ओरडला असता तर बरं झालं असतं, इतकं ओशाळायला झालं. लहान मुलांना, आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना रोजा नसतो हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्या सात वर्षांच्या बाळाला कोपऱ्यात घेऊन बिस्किट दिलंत तर कुणी डोळे वटारणार नाही. पण आपण मोठ्यांनी सूर्य मावळेपर्यंत हॉटेलच्या खोलीत किंवा तंबूतच खायचं. दिवसा बहुतेक उपाहारगृहं बंद असतात. किल्ल्यांच्या, संग्रहालयांच्या वेळा आखडतात. सासूबाईंना मधुमेह असेल तर प्रवासाच्या दिवशी ही गोष्ट जड जाईल.

उलट बाजूही आहे. मगरिबची अजान झाली की रस्ते ओस पडतात, आणि दोन तासांनी सगळं गाव बाहेर येतं. मस्कतमधल्या मत्रहचा बाजार रात्री उशिरापर्यंत जागा असतो. आणि अजानच्या वेळी तुम्ही पेट्रोल पंपावर जरी उभे असलात तरी कुणीतरी खजूर आणि ताकाचा पेला पुढे करतंच. तिथल्या ताकाला लबन म्हणतात. ते घ्या, नको म्हणू नका. माझं स्पष्ट मत विचाराल तर लहान मुलं आणि आजी बरोबर असताना जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा गाठा. तुम्ही दोघंच असता तर मी रमजानातच जा म्हटलं असतं.

आता कपडे. यावर लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. ओमानमध्ये परदेशी बाईला अबाया, म्हणजे पायघोळ झगा, घालायची सक्ती नाही, डोकं झाकायचीही नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, कापड अंगाला घट्ट चिकटलेलं नसावं, एवढं पुरतं. सलवार-कमीज आणि मोठी ओढणी याहून सोयीचा पोशाख त्या देशासाठी दुसरा नाही. ऊन लागलं की ओढणी डोक्यावर, वाळू उडाली की तोंडावर, मशिदीत केसांवर. हे पुरुषांनाही लागू आहे हे मात्र आपले लोक विसरतात. नवऱ्याने तीन चतुर्थांश विजार आणि बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक घालून निझव्यासारख्या जुन्या गावाच्या बाजारात फिरायचं नाही. समोरचा ओमानी माणूस पायघोळ पांढऱ्या दिशदाशात असतो, कडक इस्त्री, गळ्याशी अत्तरात बुडवलेला छोटा गोंडा, डोक्यावर भरतकामाची कुम्मा किंवा काश्मिरी लोकरीचा मुस्सर. त्याच्यापुढे आपण अंघोळीला निघाल्यासारखे दिसतो.

सासूबाईंची साडी खुशाल न्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि ब्लाउज लांब बाह्यांचा असला की झालं. फक्त मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत नियम कडक आहेत: बाईचे केस, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकलेले हवेत. साडीत पोट दिसतं म्हणून दारावरच्या बाई थांबवतात, आणि मग भाड्याचा अबाया घ्यावा लागतो. त्या दिवसापुरता त्यांना पंजाबी ड्रेस चालत असेल तर उत्तम. आमच्या गटातल्या एका आजींना तो चालत नव्हता. त्यांनी साडीवरून सुनेचा लांब कुर्ता चढवला, वरून शाल घेतली आणि ऐटीत आत गेल्या. बिगरमुस्लिमांना मशीद साधारणतः सकाळी 8 ते 11 एवढीच उघडी असते, शुक्रवारी नाही. बुटांना बाहेर खण आहेत. ही मशीद 2001 मध्ये खुली झाली. ती बांधायला तीन लाख टन वालुकाश्म लागला तो आपल्याकडून गेला. आतला गालिचा 70 मीटर लांब, 60 मीटर रुंद, 170 कोटी गाठींचा. सहाशे इराणी बायका चार वर्षं तो विणत होत्या. त्याच्यावर पर्यटकांसाठी निळी पट्टी अंथरलेली असते, तिच्यावरूनच चालायचं. मुलांना आधी सांगून ठेवा. तेवढा मोठा मऊ गालिचा पाहिला की पोर लोळणारच.

कुंकू, टिकली, मंगळसूत्र, बांगड्या यांच्याबद्दल अकरा वर्षांत मला एकाही ओमानी माणसाने काही विचारलं असेल तर ते कौतुकानेच. मस्कतमध्ये राजवाड्याजवळ शंकराचं जुनं देऊळ आहे, दारसैतला कृष्णाचं आहे. कच्छी भाटिया व्यापारी तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. 1970 पर्यंत तर ओमानात रुपया चालायचा. आजही रियालचे हजार भाग होतात त्यांना 'बैसा' म्हणतात, तो आपलाच पैसा. तेव्हा हिंदू बाई दिसली म्हणून दचकणारा तो देश नाही. एकच करू नका. "तुम्ही शिया की सुन्नी?" असं विचारू नका. तिथले बरेच लोक इबादी पंथाचे आहेत, म्हणजे दोन्हींपैकी नाहीत. पण मुद्दा उत्तराचा नाही. एका मशिदीत शेजारी उभं राहून नमाज पढणाऱ्या माणसांना ही फोड करून विचारणं त्यांना असभ्य वाटतं. आपल्याकडे कुणी पाहुण्याने बसल्याबसल्या आडनावावरून जात काढली की कसं वाटतं, तसं.

आता खरा विषय. मी नेलेल्या लोकांकडून जे अपमान झाले त्यातले कपड्यांमुळे झालेले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे घाईमुळे झाले. आपण गाडीतून उतरतो आणि थेट विचारतो, "निझवा किधर है?" समोरचा माणूस आधी गोंधळतो. त्याच्या जगात बोलण्याची सुरुवात प्रश्नाने होतच नाही. आधी "अस्सलामु अलैकुम". मग तो "वालैकुम अस्सलाम" म्हणणार. मग "कैफ हालक", बरे आहात ना. "बिखैर, अल्हमदुलिल्लाह." मग तो विचारेल, "शय उलूम? शय अखबार?" म्हणजे काही खबरबात? याला खरी बातमी सांगायची नसते. सगळं ठीक, अल्लाची कृपा, एवढंच. वाळवंटात पूर्वी दूरवरून आलेला माणूस हेच वर्तमानपत्र होतं. पाणी कुठे आहे, कुठल्या वाटेवर भांडण आहे, कुठे पाऊस झाला हे त्याच्याकडूनच कळायचं. पाऊस आणि भांडण गेलं, विचारायची रीत राहिली. हे सगळं मिनिटभराचं काम. ते झालं की तो माणूस निझव्याचा रस्ता दाखवेल, वर घरी चला म्हणेल.

हस्तांदोलन पुरुष पुरुषांशी करतात. तुमच्या नवऱ्याने ओमानी बाईपुढे आपणहून हात करू नये. उजवा हात छातीवर ठेवून मान लववायची. तुम्हीही ओमानी पुरुषांशी तसंच. त्याने हात पुढे केला तर मिळवा, नाही केला तर त्यात तुमचा अपमान नाही, उलट आदर आहे. सासूबाईंना मात्र सगळे वाकून नमस्कार करतील. म्हातारं माणूस बरोबर असणं हा त्या देशातला सगळ्यात चांगला परवाना आहे.

घरी चला हे आमंत्रण तोंडदेखलं आहे का, असं सगळे विचारतात. रस्त्यावर दिलेलं पहिलं बहुधा सौजन्याचं असतं. हात छातीवर ठेवून आभार माना. त्याने पुन्हा आणि तिसऱ्यांदा म्हटलं तर तो खरंच बोलावतो आहे. मग जा. बिद्या गावापुढच्या वाळूत राहणाऱ्या एका बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या, घरी मी पहिल्यांदा गेले तो दिवस सांगते, म्हणजे सगळं एकदमच कळेल.

चपला दाराबाहेर. पुरुषांना एका बाजूच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, नेलं, मला आणि मैत्रिणीला आत बायकांत. तिथल्या वयस्क बायका तोंडावर बुरखा लावतात, पण आपल्याला माहीत असलेला काळा पडदा नव्हे. तो कडक कापडाचा मुखवट्यासारखा असतो, मधोमध नाकावर उभी पट्टी. आत आल्यावर एकदोघींनी तो काढला, आजीबाईंनी काढला नाही. आम्ही जमिनीवर बसलो. मी पाय पसरणार तेवढ्यात मैत्रिणीने चिमटा काढला: पायाचा तळवा कुणाकडे होता कामा नये. मग मांडी घातली, ती आपल्याला जमतेच. पुढे खजूर आले आणि काहवा. काहवा म्हणजे आपली कॉफी नव्हे. कॉफीच्या बिया कमी भाजलेल्या, वेलची भरपूर, साखर नाही, दूध नाही. चहाच्या रंगाचं कडसर पेय. कान नसलेल्या इवल्या कपात, फिंजानमध्ये, दोन-तीन घोट ओततात. कमी ओतलं म्हणून कंजूष समजू नका. भरलेला कप म्हणजे "घ्या आणि निघा". पुन्हा पुन्हा ओतता यावं म्हणून तो कमी भरायचा असतो. ओतणारा डाव्या हातात दल्ला, म्हणजे काहव्याची किटली, धरतो आणि उजव्याने कप देतो. तुम्हीही उजव्या हाताने घ्या, आणि पहिला कप कधीही नाकारू नका. पुरे झालं की कप परत देताना मनगट दोन-तीनदा हलवायचं. नुसतं "बस, बस" म्हटलं तर तो संकोच समजून पुन्हा भरला जातो.

पूर्वी बदूंमध्ये पाहुण्याने कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला, प्यायला नाही, तर त्याचं काही मागणं आहे असं समजायचे. यजमानाने "तुझं काम झालं असं समज" म्हटल्यावर मग तो प्यायचा. आणि पाहुण्याला तीन दिवस "का आलास" विचारायचं नाही हीही जुनी रीत. ज्या मुलखात पुढच्या विहिरीपर्यंत दोन दिवस लागायचे, तिथे दारातून परतवणं म्हणजे मारणंच होतं.

त्या घरी एका सुनेच्या मांडीवर चार महिन्यांचं बाळ होतं. मी म्हटलं, किती गोड, किती गोरा. खोलीत क्षणभर शांतता पसरली आणि आजीबाई घाईघाईने म्हणाल्या, "माशाअल्लाह!" मला लगेच उमगलं. दृष्ट! माझी आजी असती तर तिने मीठ-मोहऱ्या काढल्या असत्या. तेव्हापासून माणूस, मूल, उंट, गाडी, कशाचंही कौतुक करताना आधी माशाअल्लाह. आणि वस्तूचं कौतुक जपून करा. भिंतीवरच्या विणलेल्या पट्ट्याला छान म्हटलं तर तो काढून तुमच्या पिशवीत घालतील, आणि मग नको म्हणणं अवघड होतं.

तास-दीड तासाने एक मुलगी धुपाटणं घेऊन आली. त्यात लोबान. दक्षिण ओमानातल्या धोफारच्या झाडांचा हा डिंक हजारो वर्षं जगभर जातो आहे. प्रत्येकीने ओढणीखाली धूर घेतला, मग हातांवर अत्तर, वर गुलाबपाणी. मला वाटलं आता मुख्य कार्यक्रम सुरू होतो आहे, म्हणून मी सावरून बसले. मैत्रिणीने दुसरा चिमटा काढला. आखातात म्हण आहे की ऊद फिरवून झाला की बसणं नाही. म्हणजे हा निरोप. आपल्या हळदीकुंकवात निघताना अत्तर-गुलाबपाणी होतं की नाही, अगदी तेच. तुमच्या सासूबाईंना हे समजावून सांगावं लागणार नाही. त्यांना तिथे परकं वाटणार नाही, मला खात्री आहे.

शाकाहाराचं. मस्कतमध्ये काहीच अडचण नाही. रुवीत उडुपी आहेत, गुजराती थाळी आहे, आणि रस्तोरस्ती मलयाळी मंडळींची कॉफी शॉप आहेत, तिथे परोठा, डाळ आणि करक चहा. निझवा, इब्रा, सूर इथेही असं काहीतरी मिळतं. वाळवंटातल्या कॅम्पचा आचारी बऱ्याचदा भारतीय किंवा बांगलादेशी असतो. आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवा, आणि 'शाकाहारी' एवढंच लिहू नका. मासा नाही, कोंबडी नाही, अंडं चालतं की नाही, भात मांसाच्या पाण्यात शिजवलेला नको, हे एकेक करून लिहा. घरी जेवायला बोलावलं तर अडचण खरी आहे, कारण पाहुण्यासाठी बकरं कापणं हाच मान. एकदा कापल्यावर सांगितलंत तर उशीर झाला. आमंत्रण स्वीकारतानाच सांगा: "मा नाकुल लहम", आम्ही मांस खात नाही. का विचारलं तर आमच्या धर्मात, आमच्या घरात चालत नाही, एवढंच सांगा. आवडत नाही म्हटलं तर ते आग्रह करतील. धर्माचं म्हटलं की एका शब्दाने थांबतात, आणि मग खजूर, दही, मध, फळं आणि पापडासारखी पातळ रखाल रोटी यांचा ढीग लावतात. भाकरीवर वाढलेल्या माणसाला रखाल आवडतेच.

निझव्याच्या बाजूला जाल तेव्हा फलज दिसतील. डोंगराच्या पोटातून उताराने आणलेले पाण्याचे पाट. देशात असे तीनएक हजार अजून वाहते आहेत, आणि त्यातल्या पाचांना 2006 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. मिस्फतसारख्या गावात हा पाट गल्लीतून, खजुरीच्या सावलीतून खळाळत जातो. उन्हातून आलेल्या माणसाला त्यात पाय सोडावेसे वाटणारच. आमच्या एका काकांनी सोडले, वर चूळ भरली. वीस पावलं पुढे एक म्हातारे गृहस्थ कळशी भरत होते. फलजाचं पाणी गावात शिरलं की आधी पिण्यासाठी, मग मशिदीत वजूसाठी (नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी), मग अंघोळ-धुण्यासाठी, आणि मग बागांना, असा क्रम ठरलेला असतो. बागांना पाणी कुणाला किती वेळ हेही वंशपरंपरेने वाटलेलं. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ते मोजायचे. धुळ्याकडच्या पांझरेवर फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातलं सगळं कळेल. पाटकरी कोण, पाळी कोणाची, सगळं तसंच. त्या म्हाताऱ्यांनी कळशी ओतून टाकली आणि आमच्याकडे न बघता वर चढून दुसरीकडे गेले. मीच धावत जाऊन माफी मागितली. गावाच्या वरच्या अंगाला पाण्यात हातही घालू नका. खाली, जिथे पोरं डुंबत असतात, तिथे खुशाल उतरा. वादी म्हणजे डोंगरातल्या नदी-ओढ्याचं पात्र. वादी शाब, वादी बनी खालिदच्या डोहांतही पोहता येतं, पण ते गावकऱ्यांचे डोह आहेत. बायकांनी पूर्ण लेगिंग आणि सैल टीशर्टवर पाण्यात जायचं, पुरुषांनी गुडघ्याखाली येणाऱ्या विजारीवर. आणि आकाश भरून आलं असेल तर वादीत शिरूच नका, वाहती वादी गाडीने ओलांडू नका. पाऊस दूर डोंगरावर पडतो आणि लोंढा कोरड्या पात्रातून येतो. दर वर्षी माणसं जातात, आणि वादीत गाडी घालणं तिथे गुन्हा आहे.

वहीबाचं नाव बनी वहीबा जमातीवरून पडलं, आता सरकारी नाव शर्किया सँड्स. मस्कतहून अडीच-तीन तास. वाटेत इब्रा लागतं. जमलं तर बुधवारी सकाळी पोचा: त्या दिवशी बायकांचा बाजार भरतो, विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका. नवऱ्याला आणि कॅमेऱ्याला गाडीत ठेवा, सासूबाईंना घेऊन आत जा.

डांबरी रस्ता संपला की गाडी स्वतः चालवायचा मोह आवरा. वाळूत टायरची हवा निम्म्यावर आणावी लागते, दोन गाड्या तरी लागतात, आणि रुतल्यावर जितका जास्त गॅस द्याल तितकी गाडी खाली जाते. कॅम्पवाले रस्त्यापासून न्यायला येतात, त्यांच्याबरोबर जा. टेकड्यांवरून गाडी उडवण्याचा खेळ सासूबाईंच्या मणक्याला नको. त्यांना संध्याकाळी कॅम्पजवळच्या टेकडीवर हात धरून न्या, तेवढं पुष्कळ आहे. जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते हे कुणाला खरं वाटत नाही. स्वेटर, कानटोपी, पायमोजे न्याच. झोपण्याआधी आणि सकाळी बूट झटकून घालायचे, विंचू असतात. ड्रायव्हर नमाजासाठी गाडी थांबवेल. पाच-दहा मिनिटांचं काम. गाणी बंद करा, आणि पढणाऱ्याच्या समोरून चालत जाऊ नका, मागून वळसा घाला. वाळवंटात दिसलेला उंट मोकळा वाटला तरी बेवारशी नसतो, त्याच्या अंगावर मालकाची खूण डागलेली असते. आणि प्लास्टिकची एकही पिशवी मागे ठेवू नका. उंट ती खातो, ती पोटात गोळा होते आणि उंट मरतो. बदू माणसाला तुमच्या कपड्यांपेक्षा याचा राग जास्त येतो.

फोटो: बाईचा नाही. मैत्री झाली, तिने स्वतः म्हटलं तरी चेहरा घेऊ नका, कारण तो फोटो कुठे जाईल हे तिच्या हातात राहत नाही. पुरुषांना विचारून. पोलीस, लष्कर, सरकारी इमारती नाही. ड्रोन परवान्याशिवाय मुळीच नको. मत्रहच्या समुद्राकाठी सूर अल-लवातिया नावाची तटबंदीची जुनी वस्ती आहे. दार सुंदर आहे, आत फक्त रहिवाशांना जाता येतं. दारातून डोकावून मोबाइल आत धरणारे पर्यटक मी पाहिले आहेत, दुर्दैवाने मराठीही. रस्त्यात भांडण झालं तर शिवी नाही, बोट दाखवणं नाही. त्यावरून पोलिसांत तक्रार होते.

आणि एक खोड आपली. ओमानी माणसाशी गोड बोलायचं आणि कॉफी शॉपमधल्या बांगलादेशी पोराला "ए, इधर आ" करायचं. समोर बसलेला ओमानी बरेचदा हिंदी समजतो. त्याच्या लक्षात आलेलं असतं, तो बोलत नाही एवढंच. त्या पोरालाही आधी सलाम करा.

औषधांच्या मूळ चिठ्ठ्या बरोबर ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या नेऊ नका. सासूबाईंच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या.

राहिली भेटवस्तू. कुणाच्या घरी जायचं तर रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि पुण्याची माणसं म्हटल्यावर तुम्ही बाकरवडी नेणार हे मला दिसतंच आहे. तिच्यात खसखस असते. अनारशांनाही असते. दुबईत खसखस अमली पदार्थांत मोडते, आणि विमान बदलताना बॅगेत सापडली म्हणून लोक अडकलेले आहेत. मी आखातात कुठेच नेत नाही. चिक्की न्या, पेढे न्या. तुमचं विमान मुंबईहून थेट मस्कतला आहे की दुबईमार्गे, तेवढं तिकीट काढण्याआधी बघा.